दान घेतलंत, आता पोच तरी द्या

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : संग्रहालयाला दिलेल्या वस्तूंची पोच मिळण्याबाबत, अन्यथा वस्तू परत मिळण्याबाबत

महोदय,

सा. न. वि. वि.

सिंहस्थ तोंडावर आला आहे, आपण कामात असाल याची कल्पना आहे. माझं काम तसं लहान आहे. कारकुनाने मनावर घेतलं तर अर्ध्या तासात उरकेल. पण ते होत नाही, म्हणून थेट आपल्याला त्रास देतो आहे.

मी नाशिकच्या जुन्या गावातला, तांबटाच्या घरातला. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयाच्या कार्यक्रमात घरातल्या वस्तू दान केल्या. संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या शिपायाची बदली होईल, त्यापलीकडे काही व्हायचं नाही, आणि तो शिपाईच तेवढा माझ्याशी नीट बोलला. दिलेल्या वस्तू अशा : आजोबांची खरवई, म्हणजे ज्या लोखंडी दांड्यावर भांडं चढवून मठारतात ती, लहानमोठे हातोडे, लाकडी मोगऱ्या, एक बंब, एक घंगाळ, दोन हंडे, आणि दुकानाच्या वह्या, रोजमेळ आणि खतावण्या, लाल कापडात बांधलेल्या. आजोबांच्या वह्या मोडी लिपीत, वडिलांच्या बाळबोध म्हणजे देवनागरीत. व्यासपीठावरून घोषणा झाली की तांबट कारागिरीचं स्वतंत्र दालन वर्षभरात उभं राहील. टाळ्या झाल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. वस्तूंची पोच मागितली तर ‘काका, यादी टाइप करून पाठवतो’ असं उत्तर आलं. ती यादी अजून टाइप होते आहे.

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन तिथे गेलो. तिला शाळेतून आपल्या गावच्या जुन्या व्यवसायांवर प्रकल्प करायला सांगितलाय. दालन आहे, बरं का. दारावर पाटीही आहे. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, कुठल्यातरी महोत्सवाचे फ्लेक्स गुंडाळून ठेवलेले आणि एक बंद पडलेला कूलर. दार आपोआप लागत होतं, म्हणून त्याला खालून काहीतरी लोखंडी टेकण लावलेलं होतं. वाकून पाहिलं तर आमची खरवई. घाव खाऊन खाऊन तिचं डोकं गुळगुळीत झालं आहे, एका बाजूला जरा जास्त, कारण आजोबा डावरे होते. नातीने विचारलं, ‘आजोबा, हे काय आहे?’ मी तोंड उघडायच्या आत शिपाई म्हणाला, ‘बाळा, ते दाराला लावायचं आहे.’

वह्यांची चौकशी केली तेव्हा माळ्यावरून गोणी खाली काढली. लाल कापड शाबूत होतं. आत वाळवी. पानं उचलायला गेलो तर बोटांना भुगा लागला.

त्या वह्यांत काय होतं ते सांगतो. कुठल्या गावच्या कोणाच्या लेकीच्या लग्नात किती भांडी गेली, किती वजनाची, किती मोड, म्हणजे जुनं भांडं वजनावर, घेतली, किती उधारी राहिली आणि ती कोणत्या सुगीला फिटली. सिन्नर, निफाड, दिंडोरी, पेठ, सगळी गावं होती त्यात. १९७२ च्या दुष्काळाची वही वडिलांच्या हातची. त्या वर्षी विक्रीची पानं जवळजवळ कोरी, आणि मोडीची पानं भरलेली. बायका लग्नात मिळालेल्या कळशा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभ्या राहायच्या. वडील कळशीवरचं कोरलेलं नाव आधी वहीत उतरवून घ्यायचे, मग वजन करायचे. पुढे कोणी सोडवायला आलं तर ओळख पटावी म्हणून. बहुतेक कोणी आलं नाही. दुष्काळाचा असा कागद आपल्या मंत्रालयात एक तरी असेल तर मला दाखवा.

हे सगळं विकत घ्यायला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला होता. रोख पैसे घेऊन. थोरले बंधू म्हणाले, देऊन टाक. आमच्या हिची, म्हणजे बायकोची, गुडघ्याची शस्त्रक्रिया तेव्हा पैशांअभावी पुढे ढकलली होती, तरीही मी नाही म्हटलं. आज तसाच माल वाइनवाल्यांच्या रिसॉर्टच्या दारात दिसतो. घंगाळात पाणी, वर झेंडूच्या पाकळ्या, पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतात. निदान तिथे ते रोज घासलं तरी जातं. हिने परवा जेवताना विचारलं, ‘व्यापाऱ्याला दिलं असतं तर काय बिघडलं असतं?’ उत्तर आपण द्या. मला सुचलं नाही.

पोचपावतीचा एवढा हट्ट कशाला, असं आपले अधिकारी म्हणतील. त्यांना एकदा त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत घेऊन जा. १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं भिक्षूंना दिलं, आणि त्यांच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेवली. २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं वस्त्रांसाठी. आणि पुढे लिहिलं आहे की हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे नोंदवून घेतलं. एकोणीसशे वर्षांपूर्वी या गोवर्धन-नाशिक भागात राजाच्या जावयालाही दान दिल्यावर भरसभेत वाचून नोंद करावी लागत होती. रक्कम, दर, कोणाकडे, कशासाठी, सगळं दगडात. तेव्हा टायपिस्ट नव्हते म्हणून जमलं असावं.

राग एकट्या खरवईचा नाही, महोदय. या शहरात जुन्या गोष्टीला सरकारचा कागद मिळतो तो एकच, ‘धोकादायक’ची नोटीस. दर मे महिन्यात जुन्या गावातल्या वाड्यांना नोटिसा लागतात, जून-जुलैत एखादा वाडा कोसळतो, फोटो छापून येतो, ऑगस्टमध्ये सगळे विसरतात. वाडा का पडतो ते गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल. भाडं पन्नास वर्षांपूर्वीचं, भाडेकरू हलायला तयार नाही, मालकाला दुरुस्ती परवडत नाही. दोघांचा खटला चालू, आणि दोघांपैकी एकाला तरी वाडा पडलेलाच हवा असतो. त्यात लाकडी खांब, तुळया, कोनाडे, चौकातला आड सगळं मातीत जातं. पडण्याआधी कोणी मोजमाप तरी घेतं का? निदान फोटो? एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजच्या पोरांना पाठवलं तर ती चहा-वडापाववर करतील हे काम.

जुनी मातीची गढी घ्या. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी नाशिकला या गढीत उत्खनन केलं, १९५५ साली अहवाल छापला. ताम्रपाषाण काळापासून मराठेशाहीपर्यंत माणूस इथे थर रचत राहिला हे त्यांनी दाखवलं. म्हणजे हे शहर किती जुनं याचा पुरावा त्या मातीत आहे. आज ती माती दर पावसाळ्यात गोदावरीच्या अंगाला ढासळते आणि वर राहणारी माणसं जीव मुठीत धरून रात्र काढतात. त्यांना नोटीस, गढीला नोटीस. दोघांपैकी कोणाचंच पुढे काही होत नाही.

आणि मे २०२१ मध्ये त्रिरश्मी डोंगरावर साफसफाई करताना आणखी लेणी सापडली, आठवतं का? यातून मी तरी असा अर्थ काढतो की झाडू मारला तरी आपल्याकडे इतिहास सापडतो. पण झाडू मारायला माणूस नेमावा लागतो, आणि तिथेच सगळं अडतं. राज्याच्या तिजोरीतल्या रुपयामागे सांस्कृतिक कार्याच्या वाट्याला किती येतं? माझ्या हिशेबाने अर्धा पैसाही नाही. चुकत असेन तर आकडा छापा, मी जाहीर माफी मागतो. गंमत अशी की देशाच्या नोटा आमच्या नाशिकरोडला छापल्या जातात.

पैशांवरून आठवलं. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा पैसा वितळवत न बसता जिंकलेल्याने त्यावर सरळ आपला शिक्का ठोकला. उषवदाताने ज्या सासऱ्याच्या राज्यात ठेव ठेवली, त्याच सासऱ्याची ही नाणी. एका डोंगरावर लेख, काही कोसांवर नाणी, आणि त्याच लेण्यांत गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख. अशी गोष्ट दुसऱ्या देशात असती तर शाळेच्या सहलींची रांग लागली असती. आमच्याकडे सहल वॉटरपार्कला जाते. शिक्षकांना दोष देत नाही. लेण्यावर नेऊन मुलांना दाखवायचं काय? ब्राह्मीतला लेख वाचून सांगणारं कोण आहे तिथे?

लोकांना इतिहासाची आस्था नाही, असं भाषणात म्हणायची फॅशन आहे. साफ खोटं. नाशिकचा माणूस पूर कसा मोजतो? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. सरकारवाड्याच्या पायरीला लागलं की भांडी बाजार, सराफ बाजारात धावपळ. १९६९ च्या महापुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते म्हाताऱ्या अजून भिंतीवर हात लावून दाखवतात. तीर्थोपाध्यांच्या घरी नामावळ्यांच्या वह्या आहेत, त्यांत भारतभरच्या यात्रेकरूंच्या पणजोबांच्या सह्या सापडतात. सार्वजनिक वाचनालय तर लोकांनी १८४० पासून चालवलं आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात उभ्या राहिलेल्यांच्या घरांत कागद असतील, फोटो असतील, कोणाच्या पेटीत तेव्हाचं पत्रक असेल. कधी कोणी दार वाजवून विचारलं? आता तर विचारूही नका. माझी गोणी पाहून आलेला माणूस शेजाऱ्याला दान कर म्हणून सांगणार नाही.

आता सिंहस्थ. कोणी पंधरा हजार कोटी म्हणतं, कोणी त्याहून वर. एवढी शून्यं लिहायची सवय आमच्या खतावणीला नव्हती. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. रस्ते होतील, घाट होतील, घाटावर पुन्हा सिमेंट होईल. रामकुंडाखालचा जुना दगड नेमका कुठे आहे, हे कुंभ संपल्यावर विचारायला आमच्यासारखे चार लोक येतील आणि त्यांना आंदोलक ठरवलं जाईल. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायला निघाले होते, ते पाहिलंच आहे. भिंतींवर रामायणाची चित्रं मात्र नक्की रंगवली जातील, कारण रंगाचं टेंडर निघतं. वाळवीच्या औषधाचं निघत नाही.

माझं म्हणणं असं आहे. राज्यातल्या प्रत्येक संग्रहालयाने लोकांकडून काय घेतलं, कोणाकडून, कोणत्या तारखेला आणि आज ते कुठल्या खोलीत आहे, याची यादी दारावर लावावी. दारावरच, वेबसाइट नको, ती ‘लवकरच येत आहे’ असते. ज्याने वस्तू दिली त्याला वर्षातून एकदा ती पाहायचा हक्क असावा. आणि सांभाळता येत नसेल तर घेऊ नये. शाल वाचेल, नारळ वाचेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर दालन नको, पाटी नको, माझं नाव तर नकोच. वह्यांतली जी पानं सुटी होतील ती एखाद्या जाणकाराकडून सोडवून घ्या आणि स्कॅन करा. मोडी वाचणारी दोन-तीन माणसं मी आणून देतो, मानधन मागणार नाहीत. हे जमत नसेल तर ध्वजारोहणाच्या आत वस्तू परत न्यायची परवानगी लेखी द्यावी. लेखीच, कारण तिथले साहेब म्हणतात की एकदा दप्तरी आलेली वस्तू बाहेर जाऊ शकत नाही. दप्तरी आल्याची नोंद दाखवा म्हटलं तर ती नाही. म्हणजे कागदोपत्री माझी खरवई तिथे आलेलीच नाही, आणि तरी ती तिथून हलू शकत नाही. टेम्पोचं भाडं मी भरेन.

कळावे,

एक तांबट
तांबट लेन, नाशिक

ता. क. : या पत्राची तरी पोच द्यावी, ही विनंती.