तीर्थनच्या ट्राउट सहलीआधी रविवारचा सराव

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ६:३० वाजता नेहमीच्या मैदानावर फ्लाय कास्टिंगचा, म्हणजे नकली माशीचा गळ दोरीने लांब फेकण्याचा सराव आहे. जालना, बीडकडच्या मंडळींनी आदल्या रात्री मुक्कामी आलं तरी चालेल, सोय होईल. दोरीच्या टोकाला गळ बांधू नका, लोकरीचा लाल तुकडा बांधा. गवतावर हात बसला की पाण्यावर बसतो.

हिमाचलात ट्राउटची (थंड पाण्यातल्या माशाची) मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. म्हणून आपण मार्चमध्ये निघतोय. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, पुढे बसने औट, तिथून तीर्थन खोरं. मत्स्य विभागाचा परवाना प्रत्येकाच्या नावाचा लागतो. ओळखपत्राची प्रत रविवारी आणाच.

एक कळकळीची विनंती. आपल्याकडे गोदावरीत रोहू-कटला धरायची सवय आहे, पण ट्राउट नाजूक असतो. कोरड्या हाताने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मरू शकतो. हात आधी ओले करा, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, मासा पाण्यातच ठेवून सोडवा. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी यंदा येऊ नये.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.

– सचिव