चेंडूवरून नजर काढणारे चित्रपट

कोल्हापूर

चि. सानिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संघातल्या मुलींसाठी सुट्टीत फुटबॉलवरचे कोणते चित्रपट लावावेत, असे तू विचारले आहेस. नुसती नावे कळवता आली असती. पण असे बरेच चित्रपट कुठे फसतात, हे आधी सांगितल्याशिवाय माझी निवड तुला पटायची नाही. पडद्यावरचा नट चेंडू खेळू लागला, की खेळणाऱ्या माणसाच्या ते चटकन लक्षात येते: बचावपटू नायकाला वाट करून देतो, गोलरक्षक आधीच ठरलेल्या बाजूला झेपावतो, आणि शाहू स्टेडियमवरचा साधा साखळी सामनाही त्याहून बरा होता असे वाटू लागते. म्हणून या विषयात माहितीपट बहुधा सरस ठरतात, आणि कथापट साधतो तो दिग्दर्शकाने चेंडूवरून नजर काढून ती माणसांकडे वळवली तरच.

इराणी दिग्दर्शक जाफर पनाही यांचा ‘ऑफसाइड’ (२००६) मी सर्वांत वर ठेवते. तेहरानच्या आझादी स्टेडियमवर जून २००५ मध्ये इराण आणि बहरीन यांच्यात विश्वचषकाचा पात्रता सामना झाला, आणि चित्रपटाचा बराच भाग त्या खऱ्या सामन्याच्या वेळीच चित्रित केलेला आहे. स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता. मुलांचा वेश करून आत शिरू पाहणाऱ्या काही मुली पकडल्या जातात आणि त्यांना प्रेक्षागृहाच्या मागे लोखंडी कठड्यांच्या आड उभे केले जाते. तिथून गर्दीची गर्जना तेवढी ऐकू येते, खेळ दिसत नाही. पहाऱ्यावरचा एक सैनिक त्यांच्या आग्रहाखातर पलीकडे पाहत सामन्याचे वर्णन करू लागतो. एका मुलीला प्रसाधनगृहात न्यायचे, तर तिचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून खेळाडूचे पोस्टर मुखवट्यासारखे तिच्या तोंडावर बांधले जाते. हे सैनिकही त्यांच्याच वयाचे, सक्तीच्या सेवेत अडकलेले, आणि कधी एकदा सुटका होते याची वाट पाहणारे आहेत. त्यांना पनाही यांनी कुठेही खलनायक केलेले नाही, ही मला या चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. स्वतःच्या मुलीला स्टेडियमच्या दारात अडवले गेले, त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, इराणमध्ये मात्र त्यावर बंदी आली. इराणी स्त्रियांना आपल्या संघाचा विश्वचषक पात्रता सामना तिकीट काढून आझादीवर पाहता आला तो थेट ऑक्टोबर २०१९ मध्ये.

त्यानंतर लगेच ‘कोपा ७१’ लाव. १९७१ मध्ये मेक्सिकोत सहा देशांच्या स्त्रियांची स्पर्धा झाली आणि अझ्टेका स्टेडियमवर लाखाहून अधिक लोक सामना पाहायला आले; पण फिफाने त्या स्पर्धेला मान्यता दिली नाही, आणि फिफाचा पहिला महिला विश्वचषक व्हायला १९९१ साल उजाडले. माहितीपटात त्या खेळाडू आता आजीच्या वयात बोलतात आणि मध्येच त्यांचे तेव्हाचे धावणे दिसते. अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला ३–० असे हरवले, आणि तिन्ही गोल १५ वर्षांच्या सुझान ऑगस्टेसनने केले. तुमच्या संघातल्या धाकट्या मुलींनी तिला पाहावे, असे मला मनापासून वाटते.

तू गोलरक्षक आहेस, म्हणून ‘नेक्स्ट गोल विन्स’ (२०१४) चुकवू नकोस. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१–० असे हरवले, तेव्हा गोलात निकी सालापू होता. दहा वर्षांनी तोच पुन्हा गोलात उभा राहतो आणि त्याचा संघ टोंगाला २–१ असे नमवतो. याच कथेवर २०२३ मध्ये त्याच नावाचा कथापटही आला. दोन्ही पाहिलेस, तर मी वर जे म्हणते आहे ते तुझे तुला दिसेल.

आसिफ कपाडिया यांच्या ‘दिएगो मॅराडोना’मध्ये (२०१९) मुलाखत देणारा माणूस पडद्यावर येऊन बसत नाही, जुन्या चित्रफितींवर केवळ आवाज ऐकू येतात. नेपल्सने ज्याला १९८४ मध्ये डोक्यावर घेतले, त्याला १९९१ मध्ये तिथून एकाकी निघावे लागले. त्यात मॅराडोनाचे व्यसन आणि नाकारलेला मुलगा, दोन्ही येतात. काहीही झाकलेले नाही, तरीही त्याच्याविषयीची माया कमी होत नाही.

आपल्याकडचा ‘झुंड’ (२०२२) लांब आहे, हे खरे. पण नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या वस्तीतली पोरे घेतली, ती नट म्हणून वावरत नाहीत, आणि त्यामुळे कॉलेजच्या संघाशी होणारा सामना खरा वाटतो. त्याहून मोठी धावपळ उत्तरार्धात आहे: पासपोर्टसाठी ओळखीचा एक कागद मिळावा म्हणून आदिवासी मुलगी आणि तिचा बाप दारोदार फिरतात. ‘मैदान’ (२०२४) मला तितका भावला नाही, कारण त्यातले विरोधक फारच एकसुरी आहेत. तरी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या भारतीय संघाने १९६२ मध्ये जाकार्तातल्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक आणले, हे ज्या मुलींना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो जरूर लाव.

झिदानवरचा २००६ चा माहितीपट मात्र सर्वांना एकदम दाखवू नकोस, निम्म्या मुली उठून जातील. रेआल माद्रिदच्या एका सामन्यात १७ कॅमेरे जवळजवळ सारा वेळ त्याच्यावरच रोखलेले आहेत, आणि तो बहुतेक वेळ नुसता चालतो, बुटाचे टोक गवतावर घासतो, वाट पाहतो, आणि शेवटी भांडणात पडून लाल कार्ड घेतो. तो तू एकटीने पाहा, आणि चेंडू त्याच्याकडे नसताना त्याची मान किती वेळा वळते त्याकडे लक्ष ठेव. गोलात उभे राहणाऱ्यालाही तेवढे उपयोगी पडेल.

तुझी,
आई