चिनी माणूस ‘निमूट’ असतो, हे कुणी ठरवले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला चीनच्या सहलीवरचा लेख वाचला. बुलेट ट्रेन, मोबाइलवरून भाजीचे पैसे, संध्याकाळी चौकात रांगा धरून नाचणाऱ्या बायका, हे सगळे लेखकाने पाहिले तसे लिहिले आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण शेवटी शेवटी त्यांनी लिहून टाकले आहे की चिनी माणूस निमूट असतो, सरकार सांगेल ते ऐकतो, तक्रार करणे त्याच्या रक्तातच नाही. आणि तेच वाक्य तुम्ही उचलून चौकटीत ठळक छापले आहे. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळी लिहायला बसले.

यजमानांच्या नोकरीमुळे मी २०१५ ते २०२३ अशी आठ वर्षे शांघायमध्ये काढली. मिन्हांग भागात, लिफ्ट नसलेल्या सहा मजली जुन्या इमारतीत आम्ही राहायचो. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेले एक जोडपे होते. वयाने मोठ्या बाईला तिकडे ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. मराठी कानाला ती हाक कशी लागते हे तुम्हाला सांगायला नको. मी त्यांना शेवटपर्यंत आयीच म्हणत राहिले.

२०२२ चा एप्रिल. करोनाच्या टाळेबंदीत नदीपलीकडचे पुतोंग २८ मार्चला बंद झाले होते, आमची बाजू १ एप्रिलला बंद झाली. चार दिवसच बंद राहील असे आम्हाला सांगितले होते. अडीच कोटींचे ते शहर उघडले १ जूनला. सकाळी भोंग्यावर ‘हसुआन’ची, म्हणजे करोना चाचणीची हाळी यायची, की सगळ्यांनी खाली उतरून रांगेत उभे राहायचे. सरकारी पिशवीत बटाटे, कोबी, गाजरे आणि डबाबंद मांस असायचे. मांसाचा डबा मी आयींना द्यायचे, त्या मला बटाटे द्यायच्या. मोबाइलवर वीचॅट नावाचे ॲप असते, त्यावरच्या इमारतीच्या गटावर कुणी तरी म्होरक्या व्हायचा आणि सगळ्यांची मिळून अंडी, तांदूळ मागवायचा. त्यालाच ‘थ्वानकौ’ म्हणायचे. त्याच्यावर आम्ही जगलो.

दहाव्या-अकराव्या दिवशी आयींच्या यजमानांच्या हृदयाच्या गोळ्या संपत आल्या. आयींनी आधी वस्तीच्या समितीला फोन लावला. मग १२३४५ ला. नागरिकांच्या तक्रारींसाठीचा हा नंबर तिथे लहान मुलांनाही पाठ असतो. फोन स्पीकरवर ठेवून त्या बोलायच्या, त्यामुळे वर आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायचा. पलीकडची मुलगी दर वेळी तक्रार नोंदवून घेतली एवढेच सांगायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयींनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या पोशाखातल्या माणसांना ओरडून विचारले, ‘फिंग शन्मा?’ म्हणजे, कुठल्या अधिकाराने? समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली, मग दुसरी. पाच मिनिटांत सगळा चौक ‘फिंग शन्मा’ विचारत होता. हा शब्द मला नवा नव्हता. भाजीवाल्याने वजनात मारले की, बँकेत कुणी रांग मोडून पुढे घुसले की, घरमालकाने भाडे वाढवले की तिथला माणूस हेच विचारतो, आणि मोठ्याने विचारतो.

तिसऱ्या दिवशी एकच पट्टी आली. मी वरण घेऊन जिन्यात उतरले, तर दार उघडे होते. आयी ओट्यापाशी उभ्या राहून, भाजी चिरायच्या त्या रुंद सुऱ्याने एकेक गोळी अर्धी करत होत्या. भुकटी सांडली ती बोटाने टिपून वाटीत ठेवत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘उद्या पुन्हा फोन करणार.’ आणि केला. दुसरी पट्टी येईपर्यंत रोज केला.

त्या बाईला तुमची चौकट निमूट म्हणते!

त्याच महिन्यात सहा मिनिटांची एक चित्रफीत फिरली. पडद्यावर नुसते शहर, आणि मागे लोकांच्या फोनवरच्या विनवण्या, रडणे, भांडणे. ती काढून टाकली की कुणी तरी उलटी करून टाकायचे, कुणी दुसऱ्याच चित्राखाली दडवून टाकायचे. आमच्या गटावर ती एका रात्रीत निदान दहा वेळा आली आणि दहा वेळा नाहीशी झाली. पुढे २४ नोव्हेंबरला शिनजियांग प्रांतातल्या उरुमची शहरात एका इमारतीला आग लागली. सरकारी आकड्याप्रमाणे दहा माणसे गेली. ते शहर ऑगस्टपासून कोंडलेले होते. त्यानंतर शांघायच्या वुलुमुची रस्त्यावर (वुलुमुची म्हणजे उरुमचीच) मुले निषेध म्हणून कोरे पांढरे कागद हातात धरून रात्रभर उभी राहिली. तीन-चार दिवसांनी मी तिथून गेले, तेव्हा फुटपाथच्या कडेने निळे पत्रे ठोकले होते. ७ डिसेंबरला सरकारने नियम सैल केले. त्यामागे इतरही कारणे असतील, पण लोक गप्प बसले होते असे म्हणणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. त्यातल्या कितीकांना पोलिसांनी उचलले.

दहा दिवसांच्या पाहुण्याला हे कसे दिसणार, हे मलाही समजते. भाषा येत नाही, सोबत गाइड असतो, आणि नको ते लिहिलेले सकाळपर्यंत पुसलेले असते. लेखात बेकार तरुण कुठे दिसले नाहीत असेही लिहिले आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या मुलांची बेकारी २१.३ टक्के होती. हा आकडा सरकारनेच दिलेला, आणि ऑगस्टमध्ये तो जाहीर करणेही सरकारनेच थांबवले. पुढच्या जानेवारीत विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने आकडे देऊ लागले. आयींचा नातू पदवीधर आहे. आम्ही निघालो तेव्हा तो स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवत होता. लेखकाला वेळेवर गरम जेवण आणून देणारा मुलगा असाच कुणी पदवीधर असेल.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. तुमच्या अंकात, पहिल्या पानावरसुद्धा, ‘जिनपिंग यांनी सांगितले’, ‘जिनपिंग यांचा दौरा’ असे छापतात. चिनी नावात आडनाव आधी येते. त्यांचे आडनाव शी. राष्ट्राध्यक्षांना नुसत्या पहिल्या नावाने संबोधल्यासारखे हे होते. मी याबद्दल गेल्या वर्षीही पत्र पाठवले होते, ते छापून आले नाही.

१९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला आपले पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. चिन्यांच्या तोंडी बसतील अशी नावे पाचही जणांना मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर आले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ख तिहुआ, त्यांच्या रीतीप्रमाणे आडनाव आधी. मी महाराष्ट्रातली आहे असे पहिल्यांदा सांगितले तेव्हा आयींनी मला हेच नाव घेऊन विचारले होते, त्यांच्या गावची का तू?

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती. नावाची आणि त्या चौकटीचीही.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे