आधी चिप, मगच रेबीजची लस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

असिस्टन्स डॉगला, म्हणजे अपंग मालकाच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याला, परदेशी नेताना कागदपत्रांची सूट मिळते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. मालकाच्या पायाशी बसून विमानातून जाण्याची मुभा अशा कुत्र्याला मिळू शकते. रेबीजचे नियम मात्र त्याला कुणाच्याही पाळीव कुत्र्याइतकेच लागू होतात.

माझी भाची दृष्टिहीन आहे. जर्मनीत तिचे सत्र ऑक्टोबरात सुरू होणार होते. तिच्या लॅब्रॅडोरला इथल्या एका दवाखान्यात मे महिन्यात रेबीजची लस टोचली आणि चिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप) बसवली जूनमध्ये. युरोपीय संघाला चिप आधी लागते, लस त्याच दिवशी किंवा त्यानंतर. चिपच्या आधीची लस ते धरतच नाहीत. लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या त्या दोन तारखा एकाखाली एक वाचल्या आणि घरात कुणाला काही बोलायला सुचेना.

जुलैत पुन्हा लस दिली. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा, लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) निदान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर भरली पाहिजेत, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचे. म्हणजे नोव्हेंबर उजाडणार. पोर कुत्र्याविनाच गेली, अनोळखी शहरात काठी टेकत.

नियम कडक आहेत आणि असावेतच. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ती दिसायला कधी कधी महिने लागतात. म्हणून तर ही तीन महिन्यांची वाट. राग येतो तो हे आधी कुणीच न सांगितल्याचा. प्रवासाआधीच्या दहा दिवसांत आरोग्य प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारचे मुंबईतले पशु क्वारंटाइन कार्यालय गाठायचे, तेही कोल्हापूरहून पावणेचारशे किलोमीटर जाऊन. चूक तिथे कळली तर सगळेच मुसळ केरात. ब्रिटन, आयर्लंड किंवा फिनलंडला जाणाऱ्यांना शिवाय फीतकृमीचे औषध पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्यकाकडून देऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते.

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की, हा क्रम मराठीत छापून जनावरांच्या प्रत्येक दवाखान्यात, खासगीतही, लावावा. कुत्रा परदेशी न्यायचा आहे का, हे लस टोचण्याआधी विचारले जावे. आणि ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे, त्यांनी जायचे ठरण्याची वाट न पाहता रक्तचाचणी उरकून घ्यावी. पुढचे बूस्टर मुदतीत दिले, तर युरोपसाठी ती पुन्हा करावी लागत नाही.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर