ड्रोन सांभाळणाऱ्या खेळाडूविषयी

मा. संपादक,

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि संवादातून कथा रचत खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांविषयी, विशेषतः त्यांतील एका दुर्लक्षित भूमिकेविषयी, हे पत्र आहे. 1989 मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या ‘शॅडोरन’ या खेळात ‘रिगर’ नावाचे पात्र ड्रोन व वाहने चालवते. फोंड्यातील आमच्या गटाने कथानक भविष्यातील मुरगाव बंदरात आणले, तेव्हा या पात्राचे खरे मोल मला उमगले.

नवे खेळाडू हौसेने अनेक ड्रोन घेतात आणि प्रत्येकाची चाल स्वतंत्रपणे ठरवू लागतात. परिणामी इतरांना आपल्या पाळीसाठी ताटकळावे लागते. माझ्या मते दोन-तीन ड्रोन पुरेसे आहेत. एक गोदामाच्या छपरावरून धक्क्यावर नजर ठेवणारा, एक जखमी सोबत्याला मागे आणणारा, आणि गरज पडल्यास एक सशस्त्र. समान काम असलेल्या ड्रोनना एकच आज्ञा द्यावी व पुढचे त्यांच्या स्वयंचालन प्रणालीवर सोडावे. मेंदूतील यंत्रणेद्वारे स्वतः ड्रोनमध्ये ‘उतरणे’ मात्र निर्णायक क्षणासाठी राखावे, कारण त्या अवस्थेत ड्रोन नष्ट झाला तर इजा चालकालाही होते. शिवाय त्याचे शरीर तोवर निश्चल पडून असते, आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी गटाने आधीच वाटून घेतली पाहिजे.

खेळ चालवणाऱ्यांनाही आग्रहाची विनंती आहे की, टेहळणीतून मिळालेली माहिती त्यांनी हातची राखू नये. पहारेकरी कुठे उभे आहेत हे वेळेवर कळवणारा खेळाडू गोळी झाडणाऱ्याइतकाच लढत असतो.

आपला,
एक वाचक, फोंडा