कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, तरी अ‍ॅटॅक का आला?

बोस्टन

तीर्थरूप अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आईने पाठवलेले रिपोर्टचे फोटो नीट वाचले. तुमचा प्रश्नही तिने जसाच्या तसा सांगितला. कोलेस्टेरॉल नॉर्मल, शुगर नॉर्मल, रोज फिरणं चालू, मग अ‍ॅटॅक आलाच का? आणि कोलेस्टेरॉल वाढलेलंच नव्हतं तर त्याची गोळी जन्मभर कशाला? फोनवर हे सगळं धड बोलता येत नाही, आईचा आवाज लगेच भरून येतो. म्हणून लिहायला बसले.

आधी ज्या आकड्याने घर हादरलं तो घ्या. दुसऱ्या दिवशीचा सीआरपी 48. हे प्रथिन यकृतात तयार होतं. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही इजा झाली की काही तासांत ते वाढू लागतं आणि दोन-तीन दिवसांत कळस गाठतं. तुमच्या हृदयाच्या स्नायूला इजा झाली, म्हणून ते वाढलं. इजेचं कारण शांत झालं की ते साधारण 19 तासांत निम्मं होतं. त्यामुळे त्या दिवशीच्या 48 वरून पुढचं भविष्य काढत बसू नका. अ‍ॅटॅक आहे हे ज्यावरून ठरलं ते ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन. ते वेगळं.

आता तुमचा खरा प्रश्न. तो इथल्याच, बोस्टनच्या, हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल रिडकर यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. 1982 मध्ये अमेरिकेतल्या 22,000 हून जास्त पुरुष डॉक्टरांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला होता आणि त्यातल्या अनेकांचं रक्त गोठवून जपून ठेवलेलं होतं. रिडकर आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. 1997 मध्ये निष्कर्ष आला: धडधाकट असतानाच ज्यांचा सीआरपी सगळ्यांत वरच्या गटात होता, त्यांना पुढे अ‍ॅटॅक येण्याचा धोका सगळ्यांत खालच्या गटाच्या जवळजवळ तिप्पट. अ‍ॅस्पिरिनचा फायदाही याच वरच्या गटाला सर्वाधिक झाला.

असं का, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर असतो, त्यावर पातळ आवरण असतं. आत सूज धुमसत राहिली की तिथल्या पेशी ते आवरण पोखरतात. एके दिवशी ते फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो, प्लेटलेट्स चिकटतात, रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचं फायब्रिनच्या जाळ्यात रूपांतर होतं आणि गुठळी वाट अडवते. फाटण्याआधी तो थर अगदी बेताचाही असू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं दमसुद्धा लागत नाही. आणि सूज असली की इंटरल्युकिन-6 नावाचा निरोप्या यकृताला सीआरपी बनवायला सांगतो, फायब्रिनोजेनही वाढवायला सांगतो. सूज आणि गुठळी, दोघींची मुळं अशी एकमेकींत गुंतलेली आहेत, अप्पा. नुसत्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

म्हणूनच ती गोळी. 2008 च्या ज्युपिटर चाचणीत 17,802 माणसं होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 130 च्या आत, पण सीआरपी 2 किंवा जास्त. म्हणजे तुमच्यासारखाच प्रश्न असलेली, फक्त अजून हृदयविकार न झालेली. रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांत अ‍ॅटॅक, पक्षाघात अशा घटना 44 टक्क्यांनी घटल्या. कोलेस्टेरॉलही उतरलं, सीआरपीही. तुम्हाला तर अ‍ॅटॅक येऊन गेला आहे, तुमच्यासाठी ही गोळी त्याहून गरजेची. कट्ट्यावर कोण काय म्हणतं त्यावर ती बंद करू नका.

मग थेट सुजेवरच औषध का नाही, असं तुम्ही विचारालच. 2017 च्या कॅन्टोस चाचणीत तसं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, तरी पुन्हा येणारे झटके सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. गाउट या सांधेदुखीवरच्या जुन्या कोल्चिसिन या औषधाने 2019 मध्ये मॉन्ट्रियलच्या चाचणीत आशा दाखवली, 2024 च्या त्याहून मोठ्या चाचणीत अ‍ॅटॅकनंतर फायदा दिसला नाही. तेव्हा कुणी सुचवलं म्हणून ते आपल्या मनाने सुरू करू नका.

डी-डायमर 640 आहे, त्याखाली लाल रेघ आहे, म्हणून आई घाबरली. गुठळी विरघळताना उरणारे हे तुकडे. वयानुसार ते वाढतातच. पायातल्या किंवा फुप्फुसातल्या गुठळीचा संशय असला की पन्नाशीनंतर 500 ऐवजी वय गुणिले 10 अशी मर्यादा धरतात. तुमच्या 72 ला ती 720 होते.

महिना-दीड महिना गेल्यावर, सर्दी-ताप नसताना, एचएस-सीआरपी (सीआरपीचीच जास्त बारकाईची तपासणी) करायचा का ते डॉक्टरांना विचारा. केलाच तर दोन आठवड्यांनी पुन्हा करा. रिपोर्टवर मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिलंय की डेसिलिटर, ते आधी बघा. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एकच्या खाली चांगला, तीनच्या वर जास्त, हे लिटरचे आकडे. दहाच्या वर गेला तर आधी कुठे संसर्ग आहे का ते शोधायचं.

जेवणानंतरची ती एक सिगारेट मात्र आता नको. तिने सीआरपीही वाढतो, फायब्रिनोजेनही. आणि दाढ काढायची आहे असं आई म्हणाली. त्यासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा दुसरी रक्त पातळ करायची गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. तुमच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या नवीन स्टेंटमध्ये, म्हणजे जाळीच्या नळीत, गुठळी धरण्याचा धोका असतो. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटचं कार्ड दाखवा आणि दोघांचं एकमेकांशी फोनवर बोलणं करून द्या. दादाला सोबत न्या.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू