न्यायनिवाडा वाचूनच दाखल व्हावा

मा. संपादक,
स. न.

कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता वकिलांचे काय होणार, ही चर्चा सध्या जोरात आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काम करणाऱ्या आम्हा वकिलांपुढचा प्रश्न मात्र त्याहून साधा आणि अधिक तातडीचा आहे. यंत्राने सुचवलेला न्यायनिवाडा, म्हणजे युक्तिवादाला आधार म्हणून दिला जाणारा आधीचा निकाल, मुळातून न वाचताच न्यायालयापुढे ठेवला जाऊ नये, यासाठी आपण कोणता नियम करणार आहोत?

हा धोका कल्पनेतला नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले निकाल उद्धृत केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. कळस म्हणजे ते खरे आहेत का, हेही त्याच चॅटजीपीटीला विचारण्यात आले होते आणि त्याने होकार भरला होता. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. परदेशातली गोष्ट म्हणून ती सोडून द्यावी, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश (कर किती, हे ठरवणारा) रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. त्या आदेशात अधिकाऱ्याने अस्तित्वात नसलेल्या निकालांचा आधार घेतला होता.

असे का घडते, हे समजून घेतले की उपायही सुचतो. चॅटजीपीटीमागचे भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) कपाटातून निकाल काढून आणत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे, एवढेच ते मोजते. पक्षकारांची नावे, वर्ष, न्यायालय, पृष्ठ क्रमांक असा संदर्भाचा साचा ठरलेला असल्यामुळे त्या साच्यात बसणारा खोटा संदर्भ तयार करणे यंत्राला मुळीच अवघड जात नाही आणि तो खऱ्यासारखाच दिसतो. ‘ए.आय.आर.’ ही अक्षरे देशभरच्या न्यायालयांत पोहोचवणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हा निकालांचा संग्रह आपल्याच शहरातून प्रसिद्ध होतो. त्या अक्षरांपुढे वाटेल तो आकडा लावला जावा, हे नागपूरच्या वकिलाला इतरांपेक्षा थोडे जास्त बोचले पाहिजे.

खोट्या निकालाइतकाच शिळा कायदाही घातक असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी फसवणुकीच्या प्रकरणात जुन्या दंड संहितेच्या कलम ४२० वरच बोट ठेवणारे उत्तर यंत्राकडून येऊ शकते. विदर्भातील जमिनीचे दावे तर आणखी गुंतागुंतीचे. विदर्भ मध्य प्रदेशात असताना त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली, निस्ताराचे (गावाच्या जमिनीतून चराई, सरपण घेण्याचे) हक्क मात्र आजही वादात येतात, आणि झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२५ मध्ये आला. यांपैकी काय यंत्राला ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्याच्या उत्तरातील ठाम सुरावरून ओळखता येत नाही.

असे असले तरी मी या साधनांच्या विरोधात नाही. सिरोंचा किंवा धारणीसारख्या दुर्गम तालुक्यात वकिली करणाऱ्याला मोठे ग्रंथालय मिळत नाही; शेकडो पानांच्या कागदपत्रांचा तारीखवार गोषवारा काढायला किंवा अर्जाचा पहिला मसुदा करायला त्याने यंत्राची मदत घेतली, तर त्यात वावगे काहीच नाही. आपल्या नागपूरचेच शरद बोबडे सरन्यायाधीश असताना एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या साहाय्यासाठी ‘सुपेस’ ही प्रणाली सुरू केली, तेव्हाही भूमिका हीच होती की यंत्राने माहिती पुढे ठेवावी, निर्णय न्यायाधीशाने घ्यावा. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी जे धोरण जाहीर केले, त्यातही निष्कर्ष काढण्यासाठी वा निकाल देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यास मनाई आहे. हे बंधन न्यायाधीशांवर आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांवर असेल, तर न्यायालयात कागद दाखल करणाऱ्या वकिलावरही काही बंधन असायला हवे.

माझी सूचना अशी की, न्यायनिवाड्यांची यादी दाखल करताना प्रत्येक निकालाची प्रत आणि ज्यावर भिस्त आहे त्या परिच्छेदाचा क्रमांक जोडावा, आणि हे निकाल मूळ स्वरूपात आपण वाचले आहेत, असे वकिलाने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. यासाठी खर्चाची सबब सांगता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी २०२३ पासून त्याच्याच ‘ई-एससीआर’ या ऑनलाइन संग्रहात विनामूल्य मिळतात आणि उच्च न्यायालयांचे निकालही संकेतस्थळांवर पाहता येतात. खोटा निकाल दाखल झाल्यास ‘ज्युनियरने काढून दिला होता’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची चौकशी करण्याचा अधिकार राज्य वकील परिषदेला आहेच.

पक्षकाराच्या गुप्ततेकडेही अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. वकील आणि अशील यांच्यातील व्यावसायिक संभाषणाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे. घटस्फोटाच्या अर्जातील खासगी मजकूर किंवा आरोपीने विश्वासाने सांगितलेली हकिकत एखाद्या मोफत ॲपमध्ये चिकटवताना तो मजकूर कोणाच्या संगणकावर साठवला जातो, याचा विचार किती जण करतात? अशिलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव-गाव असलेला कोणताही कागद अशा ठिकाणी जाऊ नये, असे मला वाटते.

हे नियम दिल्लीहून येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येथील उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायालय या दोन्ही ठिकाणच्या वकील संघटनांनी एकत्र बसून मसुदा करावा आणि खंडपीठाच्या प्रशासनाकडे सादर करावा. ते होईपर्यंत, निकालाची प्रत सोबत असल्याखेरीज त्याचा उल्लेख युक्तिवादात करायचा नाही, एवढे तरी प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने आपल्या कार्यालयापुरते ठरवायला हरकत नसावी.

आपला विश्वासू,
एक वकील, धरमपेठ, नागपूर